हंगामी गोलीमास्तर

आमचे गोलीमास्तर कुठल्याही दारातून सरळ आत आले, असं मी कधी पाहिलं नाही. दार दिसलं की ते चौकटीत थांबत. डाव्या हातानं डावी बाजू चाचपायची, उजव्या हातानं उजवी, मग एक पाऊल पुढं टाकून गुडघे जरा वाकवायचे आणि समोर बघायचं. समोरून अंगावर काही येत नाही अशी खात्री पटली की मगच आत. वर्गात शिरताना तसं, किराणा दुकानात शिरताना तसं, कुणाच्या मयतीला गेले तरी तसंच. एकदा आमच्या आळीतल्या लग्नात ते मांडवाच्या तोंडाशी असे उभे राहिले की नवरदेव बाहेर आणि मुहूर्त आत. नवरदेवाचा मामा म्हणाला, "मास्तर, जरा सरका की." मास्तरांनी मान हलवली. "बाजूनं जावा. मधनं कुणी जात न्हाय." शेवटी नवरदेवाला कनात उचलून बाजूनंच आत घेतलं. त्या नवरदेवाला पुढं सात मुली झाल्या, आणि त्याचा मामा त्याचाही ठपका मास्तरांवर ठेवायचा.

गोलकीपरला आमच्याकडं गोली म्हणत, म्हणून ते गोलीमास्तर. खरं नाव हजेरीपटावर असेल, आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही. आमचं गाव घरात धाराशिव आणि कागदावर उस्मानाबाद. निजामाचं राज्य होतं. शाळेत उर्दूतून शिकायचं आणि न आलं तर घरी मराठीतून मार खायचा, अशी आमची सोय होती. मास्तर शाळेत ड्रिल घेत. जन्म लिंगायत वाण्याच्या घरातला. वडील म्हणत होते दुकानाच्या गादीवर बस, आणि हा गडी हैदराबादेला पळाला तो थेट गोलात जाऊन उभा राहिला. मोजणी कानडीत, राग दखनीत आणि उपदेश मराठीत, असा त्यांच्या बोलण्याचा शिरस्ता होता. चेंडू अडवून अडवून बोटं इतकी मोडलेली की येडशीची वाट दाखवायला हात वर केला, तर एक बोट येडशीकडं जाई आणि दोन तुळजापूरकडं. परगावचा माणूस गोंधळून दुसऱ्याला विचारायला जाई.

हैदराबादेत ते एका नवाबाच्या संघात होते. इतर नवाब एडके नाहीतर तितर झुंजवत, ह्यानं फुटबॉलचा संघ पाळला होता. खेळाडूंना राहायला जागा, खायला दोन वेळ, आणि जिंकले तर नवाबाच्या हातचं पान. मास्तर तिथं नऊ-दहा वर्षं गोलात उभे राहिले, आणि त्या काळातली अडवाअडवी ते आम्हाला अशी सांगत की ऐकणाऱ्यानं मधेच खाली वाकावं. मग एका थंडीत नवाबाचं मन फुटबॉलवरून उडालं आणि पतंगांवर बसलं. संघ मोडला. दहा जणांना घरी पाठवलं. मास्तरांना मात्र बोलावून सांगितलं, "तुम ठहरो. कटे हुए पतंग पकड़ने को आदमी होना."

मास्तर त्याच दिवशी निघाले. हा किस्सा सांगताना ते नवाबाला शिव्या देत नसत. फक्त म्हणत, "पतंगाला काय, कुणीबी धरंल. पडतानाबी तो नखरा करत पडतो. चेंडू सरळ येतो, मर्दावानी."

फुटबॉलबद्दलचे त्यांचे विचार जगावेगळे होते. त्यांच्या मते हा खेळ गोलकीपरसाठी निघाला; बाकीचे दहा मधे लुडबूड करायला ठेवलेत. गोल करणं ही त्यांना आडदांड माणसाची खोड वाटे. "दुसऱ्याच्या घरात घुसून वस्तू टाकून यायची, ह्यात कसली आली अक्कल? अडवायला अक्कल लागती." त्यामुळं त्यांनी आमच्या शाळेचा जो संघ उभा केला, त्यात अकराच्या अकरा जण अडवणारे. आम्ही कधी हरलो नाही. जिंकलो तेही एकदाच, चुकून. लातूरला आमचा सामना पाहायला जमलेली माणसं निम्म्या वेळातच उठून गेली आणि त्यांच्या मागोमाग चिवडेवालाही गेला. तिथंच एकदा आमच्या पुढच्या पोराच्या पायाला लागून चुकून चेंडू समोरच्या गोलात गेला. आम्ही नाचायला लागलो तोवर मास्तर अख्खं मैदान तुडवत पलीकडं पोचले होते. तिथल्या गोलकीपरच्या पाठीवरून हात फिरवून त्यांनी त्याची समजूत काढली आणि मग परत येऊन आमच्या पोराला दरडावलं, "तुला कुणी सांगितलं हुतं?"

मी त्यांचा गोलकीपर. माझी निवड कशी झाली ते सांगतो. येडशीजवळच्या रामलिंगच्या डोंगरात सीताफळं मायंदाळ. मास्तर तिथून पिकलेली सीताफळं टोपलीभर आणत आणि आम्हाला ओळीनं उभं करून लांबून फेकत. पिकलं सीताफळ आवळून धरलं की हातात फुटतं, आणि भिऊन धरलं की खाली पडतं. हात चेंडूबरोबर मागं न्यायचा, मग तो अलगद बसतो, हे त्यांनी आम्हाला तोंडानं कधी सांगितलं नाही, सीताफळांकडून शिकवलं. न फुटलेलं मास्तर खात, फुटलेलं ज्याच्या हातात फुटलं त्यानं खायचं. पहिल्या हिवाळ्यात माझं वजन वाढलं. दुसऱ्या हिवाळ्यात मास्तरांचं वाढलं, तेव्हा त्यांनी मला गोलात उभं केलं.

आता मैदानाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण तिथंच झालं. आमचं मैदान म्हणजे गावाबाहेरचं माळरान. वर चार बोटं मुरूम आणि खाली काळा पाषाण. खांब रोवायला खड्डा घ्यावा म्हणून पहार मारली तर पहार वाकायची. म्हणून आमच्याकडं गोलाचे खांब रोवलेले नसत, धरलेले असत. चुन्यानं दोन फुल्या मारायच्या, प्रत्येक फुलीवर एका माणसानं बांबू धरून उभं राहायचं, आणि दोन्ही बांबूंच्या शेंड्यांना एक दोरी बांधायची, म्हणजे गोल तयार. रोजच्या खेळाला गृहपाठ न केलेली पोरं बांबू धरत. मोठ्या सामन्याला कचेरीतले चपराशी येत, पट्टा-पगडीसकट.

मास्तरांचा सगळा जीव त्या बांबूंवर. खेळ सुरू व्हायच्या आधी दोन्ही बांबूंना हात लावायचे, धरणाऱ्याला ताकीद द्यायचे. "चेंडू नाकावर आला तरी हलायचं न्हाय. तू माणूस न्हाईस आत्ता. तू खांब हाईस." एकदा एका पोराला गांधीलमाशी चावली तरी ते हललं नाही. मास्तरांनी त्याला दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गापुढं उभं करून शाबासकी दिली. त्याचा ओठ तेव्हाही सुजलेला होता.

एवढा करारी माणूस, पण एका बाबतीत अगदी हवालदिल. मास्तरांची नोकरी हंगामी होती. दर वर्षी मुदत संपायची, दर वर्षी वाढवून मिळायची, कायम होत नव्हती. आणि मास्तरांची बायको तिच्या माहेरी ईटला होती. नवाबानं संघ मोडला तेव्हा सासऱ्यांनी जे तिला परत नेलं ते नेलंच. सासऱ्यांचं ईटला कापडाचं दुकान. रोकडा हिशेबी माणूस. मास्तर दर सणाला भूम तालुक्यातली ती वाट तुडवत जायचे, ओट्यावर बसायचे, आणि सासरे कापड फाडता फाडता विचारायचे, "जावईबापू, झालात का कायम?" मास्तर मान खाली घालायचे. मग सासरे म्हणायचे, "हंगामी जावयाकडं कायमची लेक कशी धाडू, सांगा बरं." बायको आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवायची, तेवढीच भेट. तिथून परत आले की दोन-तीन दिवस मास्तर दारात थांबत नसत, सरळ आत जात. आम्ही समजून जायचो.

सालगिरहला, म्हणजे निजाम हुजूरांच्या वाढदिवसाला, आमच्या गावात एक सामना होई. एका बाजूला अंमलदारांचा संघ, दुसऱ्या बाजूला शाळेचा. अंमलदारांकडून स्वतः तालुकदारसाहेब खेळत. तालुकदार म्हणजे आजचा कलेक्टर. साहेबांनी एक गोल करायचा, मग बँड वाजायचा, मिठाई वाटायची आणि साहेब खुशीत घरी जायचे. त्या आठवड्यात कचेरीत अडकलेल्या सह्या पटापट होत. त्यामुळं त्या एका गोलावर निम्म्या गावाचा डोळा. वकिलांचे अर्ज, पाटलांच्या तक्रारी, कुणाच्या पोराची नोकरी, सगळी त्या गोलाच्या मागं रांगेत उभी. आणि एक सांगतो, ह्यात सगळ्यात उतावीळ कोण असतील तर आमचेच लोक. बिचाऱ्या साहेबाला गोल केला काय, न केला काय.

आधीचे साहेब चपळ होते, त्यांना मदत लागत नसे. त्या वर्षी नवे साहेब आले. स्थूल, गोरेपान, शेरोशायरीचे शौकीन. चेंडू त्यांनी आयुष्यात फक्त दुरून पाहिलेला. आमचे हेडमास्तर घाबरले. हेडमास्तर मराठी घरातले, पण रुमी टोपी अशी घालत की जणू ती जन्मताच डोक्यावर होती. त्यांनी गोलीमास्तरांना खोलीत बोलावलं. मी बाहेर घंटेपाशी उभा होतो, सगळं ऐकू आलं.

"मास्तर, साहेबांचा गोल झालाच पाहिजे."

"गोली पोरगं चांगलं हाय, साहेब. अवघड जाईल."

"तुमचा कायम करायचा कागद साहेबांच्या मेजावर पोचलाय. मी स्वतः पाठवलाय. गोल झाला की दुसऱ्या दिवशी सही. आता बघा, अवघड जातंय का."

मास्तर बाहेर आले. चौकटीत थांबले नाहीत.

दोन दिवस ते संध्याकाळी मैदानावर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला एकट्याला मैदानावर नेलं आणि म्हणाले, "बस खाली. तुला चुकायला शिकवतो."

मला वाटलं थट्टा करतायत. पण ते गंभीर होते. त्यांनी मला शिकवलं, की चेंडू येताना बघायचं पण क्षणभर उशिरा झेपायचं. हात पोचवायचे पण बोटं सैल सोडायची. गुडघ्यांत फट ठेवायची आणि चेंडू तिथून गेला की कपाळावर हात मारायचा. जन्मभर जे अडवलं ते सगळं त्यांनी मला उलटं करून दाखवलं. शिकवताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी म्हणाले, "हे बघ, गोली चुकतो. म्याबी चुकलोय. हाताची चूक ही खेळातलीच हाय, तिला पाप म्हणायचं न्हाय." मग थोड्या वेळानं, मला नव्हे, स्वतःलाच सांगितल्यागत, "ईटला जायाचं बंद होईल. ती हिकडं येईल."

मला त्यांची फार दया आली. मी ठरवलं, की असं चुकायचं की साहेबांनाही आपण खेळाडू आहोत असं वाटावं.

सामन्याचा दिवस उजाडला. उन्हाळ्याचे दिवस, चार वाजले तरी माळ तापलेला. साहेब मैदानात उतरले ते मलमलचा झब्बा आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून. त्यांच्या बाजूनं एक चपराशी छत्री धरून पळत होता आणि मागं एक पानदान घेऊन. नियमात अकरा माणसं लिहिलीत, छत्र्यांबद्दल काही लिहिलेलं नाही. गावात नियम माहीत असलेला माणूस एकच, म्हणून पंच गोलीमास्तरच. तोंडात शिट्टी. दोन्ही बांबूंना हात लावून आले, चपराशांना नेहमीची ताकीद दिली. चपराशांनी मान डोलावली. मागं कनातीखाली वकील, पाटील, हेडमास्तर सगळे बसलेले, आणि बँडवाले तोंडाला पिपाण्या लावून तयार.

साहेब चेंडू घेऊन निघाले. आमच्या पोरांनी वाट दिली. दोघांनी तर वाटेतच वाकून सलाम केला. साहेबांनी पाय उगारला. मी मास्तरांनी शिकवल्याप्रमाणं उजवीकडं झेप घेतली, पडलो, उठलो, अंगावरचा मुरूम झटकला, तरी चेंडू अजून यायचाच होता. तो रमतगमत आला आणि बांबूच्या बाहेरून निघून गेला. कनातीतून "वाहवा" आली. हेडमास्तर ओरडले, "थोडक्यात हुकला, हुजूर."

दुसऱ्यांदा साहेबांचा बूट निघून गोलात आला आणि चेंडू जागेवरच राहिला. बूट मी चुकून अडवला. सवय. तिसऱ्यांदा त्यांनी छत्रीवाल्याच्या पोटरीत लाथ मारली. ऊन कमी होत नव्हतं, साहेबांचा श्वास पुरत नव्हता, आणि मी चुकायला इतका उत्सुक असूनही मला चुकायची संधी मिळत नव्हती. चुकण्यासाठीही चेंडू गोलाकडं यावा लागतो, हे मास्तरांच्या शिकवणीत राहून गेलं होतं.

मग साहेबांनी सगळा जोर लावून एक मारला. चांगला बसला. पण दिशा अशी, की बांबूच्या बाहेरून दहा हातांवरून जाणार. उजव्या बांबूवरच्या चपराशानं कचेरीच्या पेशकाराकडं, साहेबांच्या खास कारकुनाकडं, पाहिलं. पेशकारानं नुसत्या भुवया वर केल्या. आणि तो चपराशी बांबू घेऊन चालायला लागला. घाईनं नाही, शांतपणे, टपाल घेऊन जातो तसा. वर दोरी बांधलेली, त्यामुळं डाव्या बांबूवालाही त्याच्यामागं ओढला गेला. अख्खा गोल निघाला. चेंडू गेला तो बरोबर दोन बांबूंच्या मधून. तिथं पोचून दोन्ही चपराशी थांबले आणि बांबू न सोडता त्यांनी साहेबांना सलाम केला. मी मात्र गोल नसलेल्या जागी गोलकीपर म्हणून उभा राहिलो.

बँड सुरू झाला. कनातीतले लोक हार घेऊन धावले. वकिलांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. फक्त शिट्टी वाजली नाही.

मी मास्तरांकडं पाहिलं. शिट्टी तोंडात होती, गाल फुगलेले होते, डोळे भरून आले होते. त्या माणसाला ती शिट्टी वाजवायची होती हो, मी शपथेवर सांगतो. ईटची वाट त्यांच्या डोळ्यांपुढं दिसत असणार. त्यांनी गाल तसेच ठेवून बराच वेळ घालवला. मग शिट्टी तोंडातून काढली आणि उजव्या चपराशापाशी गेले.

"कुठं उभा हुतास?"

"हितंच, जी."

"हितं? फुली कुठाय?"

चपराशानं फुली पाहिली, साहेबांकडं पाहिलं आणि अगदी सरळपणानं म्हणाला, "जितं साहेबांचा चेंडू, तितंच आमी, जी."

मास्तरांनी त्याच्या हातातून बांबू घेतला, चालत परत फुलीवर आणला आणि स्वतः धरून उभे राहिले. दोरीला ओढत दुसरा चपराशीही परत आला. बँड एकेक पिपाणी करत थांबला.

हेडमास्तर पळत आले. "मास्तर, शिट्टी. शिट्टी वाजवा."

साहेब घाम पुसत जवळ आले. "क्यों मास्टर? हुआ कि नहीं?"

"हुजूर," मास्तर म्हणाले, "मारना आपका हुआ. गोल नै हुआ."

साहेबांनी बांबूकडं पाहिलं, फुलीकडं पाहिलं, हार घेऊन उभ्या असलेल्या लोकांकडं पाहिलं. मग म्हणाले, "तो छोड़ो भई. गर्मी बहुत है." आणि छत्रीखालून सरबत प्यायला गेले. मला तर वाटतं त्यांना सुटल्यासारखं झालं असावं. त्यांच्या मनात मास्तरांबद्दल राग नव्हता, कारण त्यांना मास्तर कोण हेच माहीत नव्हतं.

राग आला तो आमच्या लोकांना. साहेब उन्हानं आजारी पडले, आठवडाभर सह्या झाल्या नाहीत, आणि त्याचं सगळं खापर मास्तरांवर फुटलं. त्या वर्षी मुदत संपली ती हेडमास्तरांनी वाढवली नाही. मास्तर एका नातलगाच्या किराणा दुकानात गूळ तोलायला बसले. वकील रस्त्यातून जाता जाता विचारायचे, "काय मास्तर, गोल नै हुआ?" मास्तर तागडी तेवढी बरोबर धरायचे. संध्याकाळी मात्र मैदानावर येऊन आम्हाला फुकट शिकवायचे.

मी एकदा विचारलं, "मास्तर, मी चुकलो असतो तर तुम्ही गोल दिला असता ना?"

"दिला असता. वाजवली असती."

"मग खांब हलला तर काय बिघडलं? गोल तो गोल."

त्यांनी हातातलं सीताफळ फोडलं. "हात चुकला तर मानूस चुकला म्हणायचं. खांबच चालाय लागला, तर मग पोरा, अडवायचं काय आन् कुठं?"

मधलं एक वर्ष फार वाईट गेलं. लोक निजामाची सरहद्द ओलांडून बार्शीकडं गेले, आम्हीही गेलो. त्याबद्दल मला इथं लिहायचं नाही, त्यात हसण्यासारखं काही नाही. परत आलो तेव्हा निजामाचं राज्य गेलं होतं. रुमी टोप्या ट्रंकेत गेल्या होत्या आणि पांढऱ्या टोप्या बाहेर आल्या होत्या. काहींची ट्रंक तीच, टोपी वर-खाली केली एवढंच. हेडमास्तर आता सूत कातत. पहिल्या दिवशी मी त्यांना ओळखलंच नाही.

प्रत्येक गाव आपापला वीर शोधत होतं. आमच्या गावात जे खरे लढले, त्यातले काही गेले होते, काही बोलत नव्हते. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की भर सालगिरहला निजामाच्या तालुकदाराचा गोल नाकारणारा माणूस आपल्याकडं गूळ तोलतोय. झालं. मास्तरांचा जाहीर सत्कार ठरला. हेडमास्तर जो भेटेल त्याला सांगू लागले, "मीच त्यांना आतून इशारा दिला होता. गोल होऊ द्यायचा नाही म्हणून." नवे कलेक्टर त्याच सभेत मास्तरांना नेमणुकीचा हुकूम देणार होते. ड्रिलमास्तर, कायम.

ईटला बातमी पोचली. सासरे स्वतः बैलगाडी करून आले, मागं लेक आणि तिची पेटी. पेटी आणली म्हणजे ठरलंच. मास्तरांनी तिला गाडीतून उतरताना पाहिलं आणि ते सभेच्या कनातीच्या दारात थांबायचंच विसरले. तिच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं.

भाषणं झाली. एका वकिलानं सांगितलं की त्या शिट्टीच्या न वाजण्यानं सिंहासन हादरलं. हाच वकील तेव्हा हार घेऊन धावला होता. कलेक्टरांनी हुकमाचा कागद हातात धरला. हेडमास्तर हळूच म्हणाले, "दोन शब्द बोला. देशासाठी केलं म्हणा, बास." सासरे पहिल्या रांगेत पागोटं सावरून बसले होते.

मास्तर उभे राहिले. टोपी काढली, परत घातली.

"म्या काय बोलनार माणूस न्हाय," ते म्हणाले. "पर हे देशासाठी केलं न्हवतं. त्या दिवशी देश माझ्या ध्येनीमनीबी न्हवता. ते साहेब निजामाचे हुते म्हणून न्हाय, मुसलमान हुते म्हणूनबी न्हाय. खांब हलला हुता. हे नवे साहेब हाईत, भले दिसत्यात. त्यांनी मारला आन् खांब हलला, तरी शिट्टी वाजायची न्हाय."

कलेक्टरांचं हसू जागच्या जागी राहिलं. हेडमास्तर मागून झब्बा ओढायला लागले. मास्तरांनी वळून पाहिलं आणि जे राहिलं होतं तेही सांगून टाकलं.

"आन् ह्यांनी मला इशारा दिला न्हवता. गोल होऊ द्या म्हणून सांगितलं हुतं. म्याबी ऐकलं हुतं. कायम व्हायचं हुतं मला. ह्या पोराला चुकायला म्याच शिकवलं. आता सत्कार कुठल्या तोंडानं घेऊ?"

ते खाली बसले. टाळी एकानंही वाजवली नाही. मला वाजवायची होती, पण हात उचलेनात. कलेक्टरांनी कागद घडी करून खिशात ठेवला. मजकुरात थोडी दुरुस्ती करावी लागेल, असं काहीतरी म्हणाले. सगळ्यांना कळलं.

सभा उठली तसे सासरे तडक बाहेर गाडीपाशी आले. "चल, बस गाडीत," लेकीला म्हणाले. "हा गडी कुण्या राज्यात कायम व्हायचा न्हाय."

ती बसली नाही. मास्तर पलीकडं मान खाली घालून उभे होते. आम्ही पोरं जरा लांब.

"अप्पा," ती म्हणाली, "माझी पेटी खाली घ्या."

"येडी का काय? हंगामीबी न्हाय राहिला आता. गूळ तोलतोय."

"तोलू द्या. राजा गेला, साहेब गेले, त्या हेडमास्तरांची टोपी गेली. मानसं लई हलली, अप्पा. ह्यो जितं उभा हुता तितंच हाय. मला एवढं कायम पुरं हाय."

सासऱ्यांनी गाडीवानाला खूण केली. गाडीवानानं पेटी उतरवली. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. तरी तो माणूस तिला म्हणतो काय, "इचार कर. उद्या परत असं झालं, तर म्या परत असंच करीन."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. तिनं पेटीची एक कडी धरली आणि दुसरीकडं मानेनं खूण केली. "धरा तिकडनं. ऊन लई झालंय."